केनियाला निघालो आणि लग्नाच्या दाखल्यापाशी अडलो

मोंबासाला येऊन आम्हाला आता सात महिने होतील. चर्चच्या मंडळीतली माणसं फोनवर विचारतात, मिशनची मुलाखत अवघड होती का, घरचे कसे तयार झाले, तिकडे जेवणाचं काय करता. खरं सांगते, त्यातलं काहीच फार जड गेलं नाही. आमचे चार महिने खाल्ले ते लग्नाच्या दाखल्यानं, आणि तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. कोणा जोडप्याला मिशनच्या सेवेसाठी देशाबाहेर जायचं असेल तर हा एक कागद सगळ्यात आधी हातात घ्या.

आम्ही नाशिकचे, शरणपूरचे. हे आयटीआयमध्ये सुतारकामाचे निदेशक, मी नर्स. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात आमच्या शरणपूरला सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) मिशनच्या वस्तीत वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1864 साली आपापल्या बायकांसह मोंबासाजवळ रबईला मिशनच्या कामाला गेले. पुढे 1885 मध्ये दोघांनाही पाळकपदाची दीक्षा मिळाली. ही हकीकत ह्यांनी एका रविवारी उपासनेनंतर ऐकली आणि तेव्हापासून एकच, ‘नाशिकहून जोडपी गेली होती, मग आपण का नाही?’ मला तयार व्हायला मात्र दोन वर्षं लागली. म्हणूनच निवड करणाऱ्या समितीनं आम्हाला वेगवेगळं बसवून विचारलं ते मला आवडलं. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, दोघांना असावं. एकाच्या ओढीनं दुसऱ्यानं फरपटत जाऊ नये.

समिती झाली, प्रशिक्षण झालं, वैद्यकीय तपासण्या झाल्या. केनियात धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी ‘क्लास आय’ नावाचा परवाना असतो. तो ह्यांच्या नावावर आणि मी त्यांची पत्नी म्हणून डिपेंडंट पासवर, असं ठरलं. (मला तिथे नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि परवाना दोन्ही वेगळे लागतात. ते चालू आहे.) डिपेंडंट पास म्हटलं की लग्नाचा दाखला आलाच.

आमच्याकडे चर्चचा दाखला होता, सुंदर लॅमिनेट केलेला. पहिली चूक तीच. लॅमिनेट केलेल्या कागदावर कोणी शिक्का मारत नाही. आणि साक्षांकनासाठी सरकारी नोंदणीचाच दाखला आणा, असं आम्हाला सांगण्यात आलं. लग्न 2013 च्या मे महिन्यात, माझ्या माहेरी, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालेलं. म्हणून नोंदणीला तिथेच जायचं ठरवलं.

रजा काढून एसटीनं गेलो. नमुना भरलेला, लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, सगळं बरोबर. खिडकीतल्या साहेबांनी कागद चाळले आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. लग्न लावणाऱ्याची, म्हणजे आमच्या चर्चच्या तेव्हाच्या पाळकांची (धर्मगुरूंची) सही.

‘ते वारले,’ मी म्हटलं.

‘मग कसं होणार? ज्यांनी लावलं त्यांचीच सही पाहिजे.’

‘सध्याचे पाळक करतील.’

‘ते होते का लग्नाला?’

नव्हते. फाइल परत. दुसऱ्या खेपेला सध्याच्या पाळकांकडून चर्चच्या रजिस्टरचा सही-शिक्क्यासह उतारा नेला. ‘हे आमच्या नमुन्यात बसत नाही.’ तिसऱ्या खेपेला अधिकारी मीटिंगला गेलेले, उद्या या. उद्या कसं येणार, नाशिकहून? एक साक्षीदार माझा मावसभाऊ, तो दर वेळी दुकान बंद ठेवून यायचा. मग त्यानंही हात जोडले, दुसरा शोधावा लागला. यातलं कोणीही एकदासुद्धा लिहून दिलं नाही की नक्की काय आणलं म्हणजे काम होईल. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. पहिल्याच दिवशी कागदांची यादी मागितली असती तर दोन खेपा वाचल्या असत्या. तुम्ही मागा. नाही दिली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी मार्ग सांगितला: पाळकांचा मृत्यूदाखला, रजिस्टरचा उतारा, आणि आमचं दोघांचं प्रतिज्ञापत्र. मृत्यूदाखल्यासाठी पाळकीणबाईंकडे गेलो. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत प्लास्टिकच्या पिशवीत रेव्हरंडांचा चष्मा, डायरी आणि खाली घडी केलेला दाखला. तो माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘अजून त्यांच्या सहीवाचून लोकांचं अडतंच बघ.’ मग आम्हाला समोर बसवून त्यांनी प्रार्थना केली. चहा न पिता उठू दिलं नाही.

त्याच दिवशी चर्चमध्ये मूळ रजिस्टर पाहिलं. कडा कसरीनं खाल्लेल्या, पण आमचं पान धड होतं. रेव्हरंडांची सही शाईच्या पेनानं केलेली, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. तिच्या वर ह्यांची आणि माझी. माहेरच्या नावानं केलेली माझी ती शेवटची सही. खिडकीतल्या साहेबांना हेच पान पाहायला बोलवावं असं त्या क्षणी फार वाटलं.

तरी चौथ्या खेपेलाही अडलंच. पत्रिकेवर रेव्हरंडांचं नाव आद्याक्षरांनी, मृत्यूदाखल्यावर पूर्ण. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, म्हणून आणखी एक प्रतिज्ञापत्र. पाचव्या खेपेला खुर्चीवर नवे अधिकारी होते. त्यांनी फाइल पहिल्यापासून वाचली, दहा मिनिटं. विचारलं, ‘इतके दिवस का थांबलात?’ मला रडूच फुटलं. सहाव्या खेपेला दाखला हातात आला.

पुढे मंत्रालय, परराष्ट्र खातं आणि दिल्लीत केनियाचं उच्चायुक्तालय, हे शिक्के एजन्सीमार्फत झाले. पण तोवर आमच्या पोलीस दाखल्याचे (चारित्र्याच्या दाखल्याचे) सहा महिने उलटले होते, तो पुन्हा काढावा लागला. म्हणून पोलीस दाखला अगदी शेवटी काढा. लग्नाच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे ना, हे खिडकीपाशी उभं राहूनच तपासा, घरी येऊन नव्हे.

पीतज्वराची लस विसरत होते. ती कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच देतात. मूळ पासपोर्ट बरोबर न्या. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. लसीचा दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि आता आयुष्यभर चालतो. त्या दाखल्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टलाच जोडून ठेवा, भारतात परत येतानाही दाखवावं लागतं.

भाषेला घाबरू नका. स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, आणि चपातीला चपातीच. हे इथल्या मुलांना रंधा धरायला शिकवतात तेव्हा अर्धं बोलणं हातांनीच होतं. इथे जवळच फ्रिअर टाउन आहे, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रिअर यांच्या नावाचं. नाशिकला वाढलेली आफ्रिकी माणसं 1875 च्या सुमारास इथेच येऊन वसली. तिथली जुनी घंटा अजून आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही तिच्याखाली उभं राहून फोटो काढला आणि सगळ्यात आधी पाळकीणबाईंना पाठवला.

ज्यांचं लग्न लावणारे पाळक हयात नाहीत, त्यांना प्रतिज्ञापत्राचा मजकूर हवा असेल तर कळवा. दोन्ही प्रतिज्ञापत्रं माझ्याकडे आहेत, नावं झाकून पाठवते.