आरव्ही-७ : काउलची वरची बाजू बसली

घरी बांधत असलेल्या माझ्या आरव्ही-७ या छोट्या विमानाच्या काउलची (इंजिनावरच्या फायबरग्लासच्या आवरणाची) वरची बाजू फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीच्या, कडेला टेकली आणि स्पिनरमागची (प्रॉपेलरच्या मध्यावरच्या टोपीमागची) फट गोल फिरून सारखी दिसू लागली. ज्यांचं इंजिन माउंटवर चढलंय, पण काउल अजून गॅरेजच्या कोपऱ्यात उभं आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

माझं मत ठाम आहे: काउल पुढून बसवत मागे यायचं. फायरवॉलची कड लांबलचक आणि डोळ्यांत भरणारी, त्यामुळे हात आधी तिकडेच जातो. पण मागे कापण्यासाठी जास्तीचं फायबरग्लास मुद्दाम दिलेलं असतं, पुढे तशी सोय नाही. म्हणून स्पिनरची जागा आधी पक्की करायची.

प्रॉपेलर यायचा आहे. तोवर इंजिनाच्या फ्लँजवर (प्रॉपेलर जिथे बोल्ट होतो तिथे) स्पिनरच्या बॅकप्लेटच्या, म्हणजे मागच्या तबकडीच्या, मापाची प्लायवूडची चकती बोल्ट केली आणि तिच्या मागे पाव इंच जाडीच्या पट्ट्या लावून काउल टेकवलं. फट याहून कमी नको. ओ-३६० इंजिन सुरू होताना, आणि बंद होताना तर जास्तच, रबरी माउंटवर जोरात हलतं. तेव्हा स्पिनर काउलला घासला तर रंग जातो आणि कडही खराब होते.

दुसरी गोष्ट उंचीची. नवीन रबर वापरानं दबतं आणि इंजिनाचं नाक किंचित खाली येतं. म्हणून आज स्पिनर काउलपेक्षा थोडा वर हवा. मी सुमारे २ मिमी ठेवलाय. आत्ता ते डोळ्यांना खटकतं, पण खटकू द्यावं.

मागची कड कापायची रेघ अशी मिळाली. काउल चढवण्याआधी फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) पत्र्यावर मास्किंग टेप लावून कडेपासून बरोबर २ इंच मागे बारीक खुणा केल्या. मग काउल पत्र्यावर ओढून बसवलं आणि त्याच खुणांपासून २ इंच पुढे मोजून काउलवर ठिपके टाकले. ठिपके जोडायला लवचिक स्टीलची पट्टी वापरली. डिस्कनं रेघेच्या बाहेरूनच कापलं आणि उरलेलं लांब सँडिंग ब्लॉकनं घासत आणलं. ब्लॉक लांबच हवा, आखूड ब्लॉक कडेला लाटा पाडतो. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, फायबरची धूळ अंगाला दिवसभर टोचत राहते.

जोडणीसाठी पियानो हिंज (लांब, सलग बिजागरी) ठेवली आहे. कॅमलॉक (पाव वळणात उघडणारे स्क्रू) उघडायला सोपे हे मान्य, पण हिंजची सलग, बिनस्क्रूची रेघ मला फार आवडते. हिंजची भोकं मधून सुरू करून दोन्ही बाजूंना पाडली, प्रत्येक भोकाला लगेच क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी पिन). टोकाकडून सुरुवात केली तर मध्ये फुगवटा येतो.

आता खालची बाजू, मग बॅफल (हवा सिलिंडरांकडे वळवणारे पत्रे). बॅफलचा पत्रा आणि वरचं काउल यांत ३/८ ते १/२ इंच अंतर राखायचं आणि ते सिलिकॉनच्या पट्टीनं बंद करायचं. पुढून आलेली हवा सिलिंडरच्या पंखांमधूनच खाली गेली पाहिजे. पट्टीशेजारून निसटलेली हवा इंजिन थंड करायला उपयोगी पडत नाही. अंतर मोजायला बॅफलच्या कडेवर कागदाच्या क्लिपा उभ्या खोचणार आहे. काउल ठेवलं की त्या दबून नेमक्या उंचीवर थांबतात. यापेक्षा चांगली युक्ती कुणाकडे असेल तर पत्रा कापण्याआधी जरूर सांगा.