क्लीनर नसलेली गाडी

आण्णांच्या मेटॅडोरवर क्लीनर असायचा. कराडहून आल्याची पोती भरून वाशी मार्केटला निघालं की दोर आवळायला तोच, चाकाखाली दगड लावायला तोच, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायलाही तोच. पंक्चर झालं की स्टेपनीखाली लोळायचाही तोच. मी शाळेत होते, माझ्याकडे फक्त हिशेबाची वही असायची. ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडमध्ये जुनी यूट घेऊन एकटीने आउटबॅकला, म्हणजे आतल्या ओसाड मुलखात, जायचं ठरवलं तेव्हा काय काय विकत घ्यायचं याच्या याद्या करण्यात माझे सहा महिने गेले. क्लीनरचं काम कोण करणार, हे कुठल्याच यादीत नव्हतं.

यूट म्हणजे पुढे मोटारीची केबिन आणि मागे हौदा. 1934 साली फोर्डच्या जिलाँगच्या कारखान्यातून ती पहिल्यांदा बाहेर पडली, ल्यू बँड्ट नावाच्या तरुणाने आखलेली. एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला पत्र लिहून रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी मागितली, अशी हकीगत इथे सांगतात. माझी सिंगल कॅब, डिझेल, फोर-बाय-फोर. मागे बाथटबसारखा खोल हौदा नाही, तर सपाट अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे आहे, 2.4 मीटर लांब, तिन्ही बाजूंना पडणारे फाळके. कॅनोपी, म्हणजे ट्रेवर बसवायची बंद पेटी, घेतली नाही आणि टपावरचा तंबूही नाही. तो तंबू साठेक किलोचा असतो, सगळं वजन डोक्यावर जातं आणि मध्यरात्री लघवीला शिडीवरून उतरावं लागतं. मी पन्नाशीची आहे. म्हणून स्वॅग घेतला, कॅनव्हासची गुंडाळी, आत गादी. तो ट्रेवरच एका कडेला पसरायचा आणि झोपायचं. दुसऱ्या कडेला दोन पत्र्याच्या पेट्या, फ्रिज आणि पाणी.

पहिल्यांदा सगळं भरून आण्णांना व्हिडिओवर दाखवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण नजर अजून मालावरच. "मागचा फाळका पाड बघू. आगं, एवढं पिंप मागं का ठेवलंयस? नाक उचलंल गाडी."

"आण्णा, नळ मागे असला की पाणी घ्यायला बरं पडतं."

"पाणी घ्यायला थांबतीस किती येळ आन् चालवतीस किती येळ?"

साठ लिटरचं पिंप म्हणजे साठ किलो, आणि ते मागच्या आसाच्याही मागे. तिथलं वजन तरफेसारखं काम करतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग लोण्यातून फिरल्यासारखं फिरतं. काट्यावर नेली तेव्हा एकूण वजन मर्यादेत होतं, पण मागचा आस मर्यादेपासून जेमतेम चाळीस किलो दूर. शिवाय ते भरलेलं पिंप मला एकटीला इंचभरही हलवता येत नव्हतं, हे आण्णांना सांगितलंच नाही. पिंप गेलं. दहा-दहा लिटरचे सहा कॅन आले, केबिनच्या पाठीला चिकटून. तेव्हापासून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायला लागले: हे अंधारात, थकलेली असताना, दुसऱ्या माणसाशिवाय उचलता येईल का? उत्तर नाही आलं तर वस्तू घरी. तीन मोठ्या वस्तू अशा घरी राहिल्या. त्यातलं बार्बेक्यू तर अजून खोक्यातच आहे.

विजेचं काम मात्र डोकं खाऊन गेलं. मागे 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, ती चालत्या गाडीवर भरायला डीसी-डीसी चार्जर, आणि थांबल्यावर पसरायला सोलरची घडी. पहिल्या चाचणीत फ्रिज रात्री दोनला बंद. बॅटरी तर निम्म्याहून जास्त भरलेली! दोष निघाला वायरीत. मी घरात पडून असलेली बारीक वायर वापरली होती. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट ओढला की त्या वायरीतच व्होल्टेज पडायचं, फ्रिजला वाटायचं बॅटरी संपली, आणि तो इमानदारीत बंद व्हायचा. जाड वायर टाकली, बॅटरीजवळ फ्यूज बसवला, विषय संपला.

हळदीचं प्रकरण त्यानंतरचं. हॉकर नावाच्या गावापर्यंत एक छोटी फेरी केली, थोडा कच्चा रस्ता मुद्दाम घेतला. इथल्या कच्च्या रस्त्यांवर आडव्या वळ्या पडतात, पन्हळी पत्रा आडवा टाकल्यासारख्या, आणि त्यावरून तासभर गाडी गेली की जे सैल असतं ते सुटतं आणि जे घट्ट असतं ते एकमेकांना घासून भोक पाडतं. पेटी उघडली तर हळदीचा डबा उघडा, पोहे पिवळे, टॉर्च पिवळी, प्रथमोपचाराची पेटी पिवळी. त्यावर तांबड्या धुळीचा थर. झाकण तर बंद होतं. मग कळलं की धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फटीतून धूळ आत ओढली जाते. कॅनोपीवाले म्हणूनच पुढून गाळलेली हवा आत सोडतात. मी झाकणाला रबराची दुहेरी पट्टी लावली आणि डब्यांच्या मध्ये जुन्या साड्यांचे तुकडे कोंबले. आईची इरकल इतक्या लांब येईल असं तिला वाटलं नसेल.

गेल्या जुलैत निघाले. पोर्ट ऑगस्टा, क्वॉर्न, हॉकर, लिंडहर्स्ट आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अ‍ॅडलेडपासून 685 किलोमीटरवर मरी. नाव ऐकून मरीआईची आठवण न येणारा मराठी माणूस मला दाखवा. इथून ऊडनाडाटा ट्रॅक हा कच्चा रस्ता सुरू होतो, जुन्या घान रेल्वेच्या बाजूबाजूने. 1957 पासून दक्षिणेकडचे रुंद रूळ मरीपर्यंत यायचे, पुढे मात्र 1980 पर्यंत अरुंदच गेज. म्हणजे इथे माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा. त्याआधी हाच माल उंटांवर जायचा. उंटवाल्यांना सगळे अफगाण म्हणायचे, पण त्यांतले कितीतरी बलुचिस्तान, सिंध, पंजाबातले, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले. त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती गावात आहे. चार बाजूंनी उघडी, वर पाचटासारखं छप्पर. तिथे उभी राहून मी विचार करत होते की उंटाच्या दोन्ही अंगांना सारखं वजन बांधायला त्यांना काटा लागला नसेल.

गावाबाहेर टायरची हवा 40 वरून 28 वर आणली. हवा कमी केली की टायर वळ्या गिळतो, कडेच्या दगडाने फाटायची शक्यताही कमी होते. पुढे रस्त्याकडेला शेपटीवर उभी केलेली दोन विमानं लागतात, कुणा कलाकाराची करामत. मग समुद्रसपाटीच्याही खाली पसरलेलं काटी थांडा, लेक एअरचा दक्षिण भाग. पाणी नव्हतं, नुसतं पांढरं मीठ. मी चहा केला आणि निघाले. बबलर नावाच्या झऱ्यावर मात्र तासभर बसले. भर वाळवंटात एक गोल डबकं, त्याच्या तळाशी वाळू संथपणे उकळी फुटल्यासारखी वर येते, फुगते, बसते. हे ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी, जमिनीखाली फार जुन्या काळापासून दाबलेलं. जवळच कॉवर्ड स्प्रिंग्जला खजुराची झाडं आणि कोमट पाण्याचा हौद. रात्री पिठलं-भात केला. ट्रेवर झोपले तेव्हा नाकाचा शेंडा गार पडलेला आणि वर इतके तारे की दाटीवाटीने कोंबल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी विल्यम क्रीकच्या अलीकडे मागचा डावा टायर बसला.

याची तालीम मी घरी चार वेळा केली होती, आणि पहिल्या वेळी सपशेल हरले होते. गॅरेजवाल्याने नट मशीनने इतके आवळले होते की पान्यावर उभी राहून नाचले तरी हलेनात. आण्णांनी सांगितलं, "टॉमीला पाइप चढव." पान्याच्या दांड्याला पाइप चढवला आणि पाइपच्या टोकाला नुसतं टेकून नट सुटला. तो फूटभराचा पाइप आता सीटमागे असतो. इथे नट आधी निम्मे ढिले केले, जॅकखाली प्लायवूडचा चौकोन ठेवला, नाहीतर जॅक फुफाट्यात रुततो. स्टेपनी ट्रेखाली साखळीला लटकलेली, साखळी धुळीने आखडलेली. तिच्याशी वीस मिनिटं गेली. तीस किलोचं चाक बोल्टपर्यंत उचलायला क्लीनर लागतो. मी चाकासमोर मातीत फतकल मारून बसले, फावड्याचं पातं टायरखाली घातलं आणि दांडा दाबून चाक वर केलं, पायांनी सरळ धरलं. बसलं.

तेवढ्यात समोरून एक रँचवाला आला, काच खाली केली आणि ठीक आहे ना म्हणून विचारलं. इथे न थांबता कुणी जात नाही. शेवटचा नट आवळत होते, म्हटलं झालंच. तो माझ्या पिवळ्या बोटांकडे बघत राहिला. टॉर्चवरची हळद अजून जात नाहीये.

विल्यम क्रीकला डिझेल भरलं, कूबर पीडीला टायर दुरुस्त केला आणि स्टुअर्ट हायवेने घरी. रोज संध्याकाळी सॅटेलाइटवरून लेकीला 'ठीक आहे' एवढंच जायचं. आण्णांना मात्र घरी येऊन सविस्तर फोन केला. तारे, खजूर, उकळणारी वाळू, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"डिझेल किती खाल्लं?"

1,950 किलोमीटरला 222 लिटर. इथे शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात. त्यांच्यासाठी उलटं करून सांगितलं, पावणेनऊचं अ‍ॅव्हरेज.

"मेटॅडोर भरल्या मालाला बारा द्यायची."

ही थाप आहे. वही मी लिहायचे.