तीन प्रकरणं मेलवर, अख्खं पुस्तक मोबाइलवर

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी डॉक्युमेंट डिलिव्हरी बघते. परगावच्या वाचकाला हवा तो लेख किंवा प्रकरण आमच्या संग्रहातून काढून पाठवायचं, एवढंच काम. बहुतेक मागण्या इंग्रजी जर्नलमधल्या लेखांच्या. बाहेरच्यांना न कळणारी गोम अशी, की लेख माझ्यासमोर स्क्रीनवर उघडा असला तरी बऱ्याच प्रकाशकांच्या करारानुसार त्याची पीडीएफ तशीच पुढे ढकलता येत नाही. छापायचा, कागद पाठवायचा, मधली फाइल पुसून टाकायची. कॉपीराइट कायद्यात असं काही नाही. हे आपणच सही केलेल्या करारात असतं, आणि तो करार शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्या दिवशी मागणी आली ती मराठी पुस्तकाची. १९५८ सालचं, पूर्व विदर्भातल्या मालगुजारी, म्हणजे तिथल्या जमीनदारीच्या काळातल्या, तलावांवरचं. मागणाऱ्या बाई गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतात, पीएचडी करताहेत. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, पाणी वाटून घेण्याच्या रीती, मालगुजारी गेल्यावर त्या तलावांची झालेली आबाळ, हा त्यांचा विषय. पुस्तक त्यांच्या भागाचं आणि प्रत सापडली पुण्यात. मेलमध्ये शेवटची ओळ : 'कृपया संपूर्ण पुस्तक स्कॅन करून पाठवावे.'

पुस्तक कपाटातून काढलं तेव्हा पानाचा कोपरा हातात आला. त्या काळच्या स्वस्त कागदातलं आम्ल कागदालाच खातं. अशी पुस्तकं झेरॉक्सच्या काचेवर पालथी दाबली की पुठ्ठ्याचा सांधा गेलाच. आमच्याकडे वरून फोटो घेणारा स्कॅनर आहे. पुस्तक अर्धवट उघडं ठेवायचं, दोन्ही बाजूंना आधार द्यायचा, पान पट्टीनं हलकेच सपाट करायचं. मराठीसाठी मी ४०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ४०० ठिपक्यांच्या, खाली जात नाही. खिळ्यांच्या छपाईत अनुस्वार आधीच झिजलेले असतात. कमी रिझोल्यूशनवर ते कागदावरच्या डागांत मिसळतात, आणि पुढे कुणी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनकडून ओळखून घ्यायचं काम, करायला घेतलं की वाक्यच फिरतं. शिवणीपाशी अक्षरं वाकतात ती वेगळीच. शेवटी घडीचा नकाशा होता, तलाव निळ्या शाईत. तो चार तुकड्यांत घेऊन जोडायला लागला असता. हे काम मला येतं आणि आवडतं. अडलं होतं ते दुसरीकडेच.

आमच्या काउंटरवर लॅमिनेट केलेली पाटी आहे : 'पुस्तकाच्या १० टक्क्यांहून अधिक प्रत मिळणार नाही.' हा आकडा भारतीय कायद्यात कुठेच नाही. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठी, संशोधनासाठी उचित वापर म्हणतं आणि टक्केवारी सांगत नाही. १० टक्क्यांचा नियम ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात आहे. तो आमच्या भिंतीवर कुणी आणला, देव जाणे. याच्या उलट टोकाला आमचे एक सहकारी. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर मोठ्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये केलेला दावा उच्च न्यायालयात टिकला नाही, तेव्हापासून ते म्हणतात, 'आता काहीही कॉपी करा.' २०१६ चे ते निकाल वर्गातल्या शिकवण्यासाठी काढलेल्या प्रतींबद्दल होते. परगावी अख्खं पुस्तक पाठवण्याबद्दल त्यात काही नाही.

विक्रीत नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती काढायची मुभा आहे, पण ती बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, त्याच्या स्वतःच्या वापरासाठी. आम्ही त्यात बसतो की नाही, यावर आमच्या विधी कक्षात दोन माणसांची तीन मतं.

म्हणून मग हक्काची मुदत संपली का ते बघू म्हटलं. मुखपृष्ठामागे छापलं होतं, 'सर्व हक्क सौ. अमुक यांचे स्वाधीन'. जुन्या मराठी पुस्तकांत हक्क बायकोच्या नावावर असणं नेहमीचंच. सहकारी लगेच म्हणाले, 'बाई कधी गेल्या ते शोधा.' चूक. मुदत मोजायची लेखकाच्या मृत्यूपासून, ६० वर्षं, आणि ती सुरू होते पुढच्या १ जानेवारीला. हक्क कुणाच्याही नावावर असोत. पण लेखक कधी गेले? पुस्तकात काही नाही, कोशांत नाव नाही, दाते यांची मराठी पुस्तकांची ग्रंथसूची १९५० लाच थांबते. प्रकाशन कधीच बंद पडलेलं. शेवटी प्रस्तावनेखाली छापलेल्या गावावरून तिथल्या वाचनालयात फोन लावला. त्यांनी नातवाचा नंबर दिला.

"आजोबा सहासष्ट साली गेले, पावसाळ्यात," नातू म्हणाले. म्हणजे हक्क ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जिवंत. मी परवानगीचं विचारलं तर म्हणाले, "ताई, पुस्तक आहे तुमच्याकडे? घरात एकही प्रत नाही हो. मलाच एक पाठवा!" पण वारस पाच. दोघं अमेरिकेत आणि एका आत्याशी बोलणं बंद. एकाच्या होकारावर सगळ्यांचा हक्क सुटत नाही.

मी बाईंना फोन केला. संशोधनाच्या मुभेत त्यांच्या विषयाची तीन प्रकरणं आणि नकाशा देते म्हटलं, बाकीचं इथे येऊन वाचता येईल. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, नागपूरपर्यंत एसटी, पुढे रात्रभर रेल्वे, राहायचं कुठे ते वेगळंच. आणि आले तर मोबाइलवर फोटो काढू देता का?"

देतो. म्हणजे अडवत नाही. बोलता बोलता माझं लक्ष काचेपलीकडे गेलं. वाचनकक्षात एक मुलगा स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक पानापानानं टिपत होता, खटाखट. ते पुस्तक आजही अप्पा बळवंत चौकात मिळतं, त्याचा लेखक जिवंत आहे, त्याच्या पोटावर थेट पाय येतो. त्या मुलाला कुणी फॉर्म भरायला लावला नव्हता. बाईंनी मात्र कारण लिहिलं होतं, मार्गदर्शकांची सही आणली होती, खर्च द्यायची तयारी दाखवली होती, आणि नियम दाखवायला आम्हाला त्याच सापडल्या. ही सेवा आहेच मुळी दूरच्या वाचकासाठी. पण ती चालवताना जो लांब राहतो आणि विचारून घेतो त्यालाच आम्ही मोजून देतो. ग्रंथपाल सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मोबाइलबंदीची पाटी लावू." यावर काय बोलणार?

तीन प्रकरणं आणि नकाशा त्याच संध्याकाळी गेला. तलाव नीट निळे आले होते. नातवानं स्वतःची आणि आणखी दोन वारसांची सही पाठवली आहे. फाइल विधी कक्षात आहे, तिथून शेरा आला : 'उर्वरित वारसांची संमती जोडावी.' बाईंचा महिन्याला एक मेल येतो, नम्र. १ जानेवारी २०२७ ला ती फाइल मी मागे घेणार आहे. संपूर्ण पुस्तक ४०० डीपीआयवर तयार ठेवलंय.