उलटं पळणारा पोरगा

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. आज चिरंजीवांची अमेरिकन फुटबॉलची मॅच होती, शाळेच्या ज्युनियर व्हर्सिटी म्हणजे धाकट्या टीमची, हरले. इथे टेक्सासमध्ये मोठ्यांची मॅच शुक्रवारी आणि या पोरांची गुरुवारी, त्यामुळे उद्या शाळा आहेच. साहेब वरच्या खोलीत बर्फाची पिशवी घेऊन पडलेत, दार बंद. तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, याला चकवून सरळ पळाला आणि टचडाउन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार आणि त्यांना गुण. झालं. बाकीची पूर्ण मॅच हा पोरगा किती चांगला खेळला हे सांगायला गेलो तर "बाबा, प्लीज" म्हणाला.

तो कॉर्नरबॅक आहे, म्हणजे कडेला राहून रिसीव्हरला बॉल मिळू न देणारा. मी इस्लामपूरला कॉलेजात असताना कबड्डीत लेफ्ट कॉर्नरला खेळायचो, त्यामुळे पहिल्या दिवशी कॉर्नर हा शब्द ऐकून मला वाटलं की चला, आपल्याला पण काहीतरी कळतं यातलं. ते अर्धंच खरं निघालं.

खरं असलेलं अर्धं म्हणजे कमर. आमचे सर सांगायचे, चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघू नका, खांद्याकडे नको, हातांकडे तर नकोच, सगळं खोटं असतं, कमर बघा, कमर जिकडे वळेल तिकडेच माणूस जाणार. ह्याचा कोच पण शब्दाला शब्द तेच सांगतो! मी पार्किंगमध्ये ऐकलं आणि एकदम भरून आलं.

खोटं निघालेलं अर्धं म्हणजे पकड. ऑगस्टमध्ये मी मोठ्या थाटात त्याला सांगितलं, सुटतोय वाटलं की धर. त्याने धरला. जर्सी. पंचांचा पिवळा रुमाल पडला, होल्डिंग म्हणजे धरल्याचा फाउल, 10 यार्ड गेले आणि वर त्यांना फर्स्ट डाउन, म्हणजे नव्याने चार प्रयत्न, फुकट. पूर्वी एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, रिसीव्हरला पार पुढपर्यंत धक्के देत राहायची मुभा होती म्हणे, पिट्सबर्गचा कॉर्नरबॅक मेल ब्लाउंट तर त्यात एवढा भारी होता की 1978 मध्ये 5 यार्डांच्या पुढे हात लावायचा नाही असा नियम आला तर लोक त्याला ब्लाउंटचाच नियम म्हणायला लागले. मी पन्नास वर्षं उशिरा सल्ला देत होतो. तेव्हापासून मी गप्प असतो. म्हणजे प्रयत्न करतो.

पण आता तीन महिने कुंपणापाशी उभं राहून बघतोय तर हे काम अवघड आहे हो. कबड्डीत मैदान 10 मीटर रुंद आणि आम्ही सातजण, शेजाऱ्याचा हात हातात. इथे मैदान 53 यार्ड रुंद आणि हा त्याच्या कडेला एकटा, समोरच्याला माहितीये कुठे जायचंय आणि याला नाही, आणि त्यात सुरुवात उलटं पळून करायची. गुडघे वाकवून, छाती पुढे, वजन चवड्यांवर, टाचेवर गेलास की संपलास. समोरचा अंतर खात खात जवळ आला की कमरेतून एका झटक्यात वळायचं, आणि लवकर वळलास तर तो थांबून बॉल घेतो, उशिरा वळलास तर तो गेला. शक्यतो त्याला बाहेरच्या रेषेकडे दाबत न्यायचा, कारण ती रेष आपल्या बाजूने खेळते.

आजची चूक मात्र वळण्यात नव्हती, मान फिरवण्यात होती. नियम असा की तू त्याच्या अंगाला अंग लावून पळत असशील तरच मागे वळून बॉल बघ. एक पाऊल जरी मागे असशील तर बॉल विसर, त्याचे हात बघ, हात वर गेले की त्यांच्यामध्ये आपला हात घाल. हा एक पाऊल मागे होता आणि त्याने बॉल बघितला. मान फिरली की पाय मंदावतात, त्या एका पावलाची तीन पावलं झाली. डोक्यावरून बॉल येतोय हे माहीत असून त्याच्याकडे न बघायचं, हे पंधरा वर्षांच्या पोराला कसं जमावं, मला तर पंचेचाळिशीत फोन वाजला तरी राहवत नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघांनी 2015 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, परत बघितला, कॉर्नरबॅक माल्कम बटलरवाला. सगळ्यांना शेवटचा इंटरसेप्शन आठवतो, समोरची सिएटलची टीम टचडाउनपासून 1 यार्डवर, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या खेळाडू-निवडीत, कोणी न घेतलेला हा पोरगा मध्ये घुसून बॉल घेतो. मला त्याच्या दोन प्ले आधीचं आवडतं. तिथे बटलरने सगळं बरोबर केलं होतं, बॉलला हात पण लावला होता, तरी तो बॉल खाली पडलेल्या सिएटलच्या रिसीव्हर कर्सच्या पायाबियांवर उडत उडत शेवटी त्याच्याच हातात गेला. आणि बटलर उठला, त्यालाच बाहेर ढकललं, 5 यार्डवर. नाहीतर तिथेच खेळ खलास होता. आणि तो शेवटचा प्ले, दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहतात तो, त्याच्यावर बटलर त्याच आठवड्यात प्रॅक्टिसमध्ये फसला होता म्हणून त्याला ओळखता आला. हे चिरंजीवांना आज सांगावंसं वाटत होतं पण दार बंद आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर मॅच दाखवत होतो, तिकडे पहाटेचे साडेपाच, चहा घेत बसली होती. दहा मिनिटं बघून म्हणाली, "अरे, हा सारखा उलटा का पळतोय? आणि याला बॉल कोणीच का देत नाही?" आता तिला काय सांगू, की आई, त्याच्याकडे बॉल येत नाही म्हणजेच तो चांगला खेळतोय, पास टाकणारा क्वार्टरबॅक तिकडे बघतो, जागा दिसत नाही, आणि दुसरीकडे टाकतो. अख्ख्या मॅचमध्ये याच्या बाजूला बॉल तीनदा आला. तीनदाच! दोन याने पाडले. तिसऱ्याचं सांगितलंच वर.

थांबा, जिन्यावर पाय वाजतायत. फ्रिज उघडला.

विचारतोय, "बाबा, तिसऱ्या क्वार्टरचा व्हिडिओ आहे का?" आहे, पण त्या क्षणी मी एवढा ओरडत होतो की नुसतं आकाश आलंय आणि माझा आवाज, "बघू नको, बघू नको!" ऐकून हसला एकदाचा. उठतो, आमटी गरम करून देतो त्याला.