उंबराखालची गाडी

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून एक उंबर आहे आणि त्याच्याखाली गाडी लावायला कुणीच राजी नसतं. वर्षातून दोन-तीनदा तरी तो असा काही लगडतो की खोडालाच घोसच्या घोस, मग ती पिकलेली उंबरं बॉनेटवर पडून फुटतात, वर माश्या, मुंग्या, आणि रात्री वटवाघळं येऊन जे काही करून जातात ते वेगळंच. ग्रुपवर दरवेळी "झाड काढून टाका" असा मेसेज येतो आणि दरवेळी पहिल्या मजल्यावरच्या काकू "औदुंबर आहे तो, दत्ताचं झाड" एवढंच लिहितात. विषय संपतो.

मी त्यातलं एक उंबर उचलून फोडलं होतं. लहानपणी आजी म्हणायची फोडून बघितल्याशिवाय खाऊ नकोस, आत किडे असतात. असतातच. पण हे किडे बाहेरून घुसलेले चोर नाहीत हो, त्यांच्याशिवाय त्या उंबरात बी धरणारच नाही. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरंतर पिशवी आहे, शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला, म्हणूनच उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. तोंडाशी एक भोक, तेही खवल्यांनी बंद केल्यासारखं. चिलटाहून लहान एक माशी, गांधीलमाशीच्या जातकुळीतली, त्यातून अंग रेटत आत शिरते, या खटाटोपात बऱ्याचदा तिचे पंख तुटतात, आणि मग ती बहुधा बाहेर येतच नाही. अंगावर आणलेले परागकण आतल्या फुलांना लागतात, काही फुलांत ती एकेक अंडं घालते, काही फुलं राहून जातात. राहिलेल्या फुलांचं बी होतं, अंडं पडलेल्या फुलात पिल्लू वाढतं आणि तेच फूल आतून खातं. म्हणजे झाड स्वतःच्या बियांमधूनच भाडं भरतं म्हणा ना.

पुढचं तर अजूनच भारी. आधी नर बाहेर पडतात, त्यांना पंखच नसतात. अजून फुलात अडकलेल्या माद्यांशी मीलन करायचं, बाहेर जायला भोक पाडायचं आणि मरायचं, संपला जन्म. माद्या परागकण घेऊन त्या भोकातून उडतात आणि त्यांच्याकडे एक-दोन दिवसच असतात, तेवढ्यात बरोबर वयाची कच्ची उंबरं असलेलं दुसरं झाड सापडलं तर ठीक. म्हणूनच सगळी उंबराची झाडं एकदम फळत नाहीत, एकाचं आत्ता, दुसऱ्याचं महिन्यानं. माकडांना, तांबटांना, धनेशांना, इतर झाडं रिकामी असतानाही काहीतरी मिळतं ते यामुळे, त्यात कुणाचा दानधर्म वगैरे नाही.

"निसर्गात सगळे एकमेकांना मदत करतात" हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. इथे उपऱ्या माश्याही आहेत, त्या आत जायचे कष्ट घेतच नाहीत, बाहेर बसून लांब सुईसारखी नळी उंबरात खुपसतात आणि अंडी घालतात, परागकणांचं काम शून्य. त्यांना आळा कोण घालतं तर मुंग्या. मुंग्यांना कुणाचंच प्रेम नाही, येईल ती माशी पकडतात, पण उपरी माशी बाहेर बराच वेळ बसून असते म्हणून तीच जास्त सापडते. सगळे आपापलं पोट बघतायत आणि झाड उभं आहे.

झाड आणि त्याची माशी ही जोडी तुटली की काय होतं ते कॅलिफोर्नियात दिसलं. 1880च्या दशकात तिकडे तुर्कस्तानातल्या स्मिर्नाच्या अंजिराची (अंजीर उंबराच्याच कुळातलं) झाडं लावली, वाढली झकास, पण फळं कच्चीच गळायची. शेवटी रानटी अंजीर आणि त्यातली माशीही आणावी लागली, 1899 मध्ये ती तिथे टिकली, मग फळं धरायला लागली. (आपलं पुरंदरचं अंजीर माशीशिवायच पिकतं, तेव्हा ते खाताना चेहरा वाकडा करू नका. जैन मंडळी मात्र पंच उदुंबर फळं वर्ज्य मानतात, वड, पिंपळ, उंबर त्यातच आले, आणि आत जीव असतात हे त्यांनी सूक्ष्मदर्शक यायच्या कितीतरी आधी हेरलं होतं.)

या सगळ्या साखळीत मला आता आमच्या काकूही धराव्याशा वाटतात. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नृसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला ही गुरुचरित्रातली गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे, माशीबद्दल त्यांना काडीची माहिती नाही, माशीला त्यांची नाही, आणि तरी कुऱ्हाड लांब राहिलीये ती त्यांच्यामुळेच.

बाकी उंबर खाऊन गेलेले पक्षी पिंपळाचीही फळं खातात आणि बी कुठेही टाकतात. तिसऱ्या मजल्याच्या ड्रेनेज पाईपपाशी परत पिंपळ उगवलाय, भिंतीला चीर गेलीये, आणि तो काढायचा खर्च मेंटेनन्समधून करायचा की त्या फ्लॅटवाल्यांनी, यावर ग्रुपवर सकाळपासून जुंपलीये.