तळं आणि समुद्र

आजवर गळ टाकला तो तळ्यात नाहीतर नदीत. आज खडकावर उभं राहून समुद्रात टाकला. खेळच वेगळा! तळ्यावर आपण माशाची वाट बघतो, इथे आधी पाण्याची. भरती चढायला लागली की मासे खाणं शोधत खडकांजवळ सरकतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, त्यामुळे वेळ रोज पुढे जाते. काल जमलेलं टायमिंग आज चालत नाही.

तळ्यात बारीक दोरी, तरंगा आणि गांडूळ एवढ्यावर भागतं. इथे लाटा दोरीला वजन म्हणून बांधलेलं हलकं शिसं टिकूच देत नाहीत, खडक दोरी कापतात. (मासा ओढतोय की लाट, हे कळण्यातच सकाळ गेली.) निवांतपणा हवा असेल तर माझं मत तळ्यालाच.

बहुतेक समुद्री मासे सतत खारं पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. गोड्या पाण्यातले जवळपास पीतच नाहीत. दोरी गुंडाळायच्या रिळाला मात्र कल्ले नाहीत! समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणून घरी आल्या आल्या रीळ गोड्या पाण्याने धुऊन काढलं.