कोमारोवला माहीत होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. हवाई दलातली माझी जवळजवळ सगळी नोकरी पॅराशूट पॅकिंगमध्ये गेली, त्यामुळे अवकाशयानांचा विषय निघाला की लोक माझ्याकडे वळतात आणि प्रश्न ठरलेला असतो: ‘कोमारोवला माहीत होतं ना आपण मरणार, मग तो गेला कशाला?’ व्लादिमीर कोमारोव म्हणजे 1967 मध्ये सोयुझ-1 या यानातून परतताना पॅराशूट न उघडल्यानं मेलेला सोव्हिएत अंतराळवीर. लग्नाच्या पंगतीत विचारतात, शाळेतल्या भाषणानंतर विचारतात, गगनयानाची बातमी आली की फोन करून विचारतात. हल्ली सोबत त्या जळालेल्या अवशेषांचा फोटोही पाठवतात. तो मी लगेच काढून टाकतो, आणि पाठवणाऱ्याला तसं सांगतो.

नाही. ज्यानं तो मेला ते त्याला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. पण तुम्हाला मैत्रीची गोष्ट हवी असते. राखीव वैमानिक युरी गागारिन, म्हणजे अंतराळात गेलेला पहिला माणूस, कोमारोवनं माघार घेतली असती तर गागारिनला जावं लागलं असतं, म्हणून मित्रासाठी त्यानं जीव दिला. गागारिन राखीव होता एवढं पक्कं. बाकीचं ऐकीव आहे. कोसळताना कोमारोव इंजिनियरांना शिव्या घालत होता म्हणतात, त्याचं भरवशाचं ध्वनिमुद्रण आजवर कुणी पुढे आणलेलं नाही.

यान धड नव्हतं हे मात्र खरं, आणि ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. नोव्हेंबर 1966 मध्ये माणसाविना सोडलेलं पहिलं सोयुझ जातीचं यान दिशा धरेना, शेवटी नष्ट झालं. डिसेंबरमध्ये दुसऱ्याचं रॉकेट तळावरच पेटलं. फेब्रुवारी 1967 मध्ये तिसरं उतरताना उष्णतारोधक कवचाला भोक पडलं आणि ते अरल समुद्राच्या बर्फातून बुडालं. त्यानंतर थेट माणूस बसवला! सोव्हिएत यानांचे मुख्य अभियंते कोरोल्योव वर्षभरापूर्वी वारले होते, रशियन क्रांतीचं पन्नासावं वर्ष होतं, वरून रेटा होता. अमेरिकेतही जानेवारीत अपोलोच्या तीन अंतराळवीरांचा जमिनीवरच्या चाचणीत आगीत जीव गेला होता.

23 एप्रिल 1967 ला सोयुझ-1 वर गेलं आणि डावं सौर पंख उघडलंच नाही. विजेचा तुटवडा झाला, दिशा धरणाऱ्या यंत्रणा दगा देऊ लागल्या. परत बोलवायचं ठरलं तर यान आपोआप वळेना. तेव्हा कोमारोवनं ते हातानं वळवलं, रोखून धरलं आणि ब्रेकचं इंजिन चालवलं. अशा यानात, जेमतेम ताकदीच्या बॅटऱ्यांवर, हे त्यानं बिनचूक केलं. माणसाच्या हातात होतं तेवढं सगळं त्यानं करून दाखवलं. हे कुणी विचारत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता माझ्या कामाकडे येतो. पॅकिंगच्या लांब टेबलावर छत्री, म्हणजे पॅराशूट, ताणून पसरायची, दोऱ्या एकेक करून सरळ लावायच्या, कापडाच्या प्रत्येक घडीवरून हात फिरवून हवा काढायची, घडी सुटू नये म्हणून वजनाच्या पिशव्या ठेवायच्या. शेवटी हत्यारं मोजायची. एक हुक कमी भरला तर तो आत राहिलाय असंच धरायचं आणि सगळं पुन्हा उलगडायचं. मगच कार्डावर सही.

यानाची छत्री धातूच्या कप्प्यात प्रचंड दाबानं बसवलेली असते. झाकण उडतं, छोट्या छत्र्या ब्रेकच्या छत्रीला काढतात, ती वेग कमी करते आणि मग मुख्य छत्रीला बाहेर ओढते. 24 तारखेला ब्रेकची छत्री व्यवस्थित उघडली. मुख्य छत्री मात्र जागची हलली नाही. चौकशीत कारण निघालं ते असं: झाकण उडाल्यावर कप्प्यात बाहेरची विरळ हवा, भिंतीपलीकडे केबिनचा पुरा दाब. त्या दाबानं कप्प्याच्या भिंती आत चेपल्या आणि छत्री आवळली गेली. गच्च कोंबलेल्या पोत्यातून गोधडी ओढून बघा, ती जितकी ओढाल तितकी अडकते. आतली भिंत कवचाच्या लेपाचं काम करताना खडबडीत झाली होती, असंही नंतर पुढे आलं. मग राखीव छत्री सुटली, पण वर ब्रेकची छत्री तशीच लटकत होती. राखीव तिच्यात गुरफटली, फुललीच नाही. ओर्स्क शहराजवळच्या माळावर यान ताशी सुमारे 140 किलोमीटर वेगानं आपटलं आणि पेटलं. तो चाळीस वर्षांचा होता.

गागारिनला 1961 मध्ये दुसरा रस्ता होता. सुमारे सात किलोमीटरवर तो खुर्चीसकट यानाबाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या छत्रीनं उतरला. सोयुझमध्ये तशी खुर्चीच नव्हती.

तरुणपणी मी छत्री भरणाऱ्या त्या रशियन माणसालाच दोष द्यायचो. त्यानं सही करायला नको होती, म्हणायचो. असं म्हणायचा मला अधिकार आहे असं वाटायचं, कारण मी स्वतः एकदा सही नाकारली होती. पावसाळ्याचे दिवस होते, सराव तोंडावर आला होता, छत्र्या ओलसर होत्या. टॉवरमध्ये टांगून वाळल्याशिवाय मी त्या भरणार नाही म्हणालो. वरिष्ठ सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले, आणि पुढे बराच काळ मला टेबलापासून लांब, भांडारात बसवलं. ते अजून सलतं. पण ओल हाताला लागते, ओलीसाठी माझ्या कार्डावर रकाना होता. भिंत हवेत चेपेल, यासाठी त्या रशियनाच्या कार्डावर कुठला रकाना असणार? त्यानं नकार द्यायचा तो कशाला?

आणि जे तुम्हाला सांगायला मी धडपडतो ते पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सोयुझ-2 सुटणार होतं. त्यात बिकोव्स्की, येलिसेयेव आणि ख्रुनोव. दोन यानं जोडायची, दोघांनी बाहेरून चालत कोमारोवच्या यानात जायचं, असा बेत होता. सोयुझ-2 चा छत्रीचा कप्पा अगदी तसाच होता. डावं पंख नीट उघडलं असतं तर चौघेही त्याच छत्र्यांच्या भरवशावर खाली आले असते. पंख अडकलं म्हणून दुसरं उड्डाण रद्द झालं. येलिसेयेव आणि ख्रुनोव पुढे जानेवारी 1969 मध्ये खरोखरच एका यानातून दुसऱ्या यानात चालत गेले. ज्या बिघाडांना सगळे भीत होते त्यातल्याच एकानं तिघांना वाचवलं, आणि ज्याची कुणाला भीती नव्हती त्यानं एकाला नेलं. मग ‘त्याला माहीत होतं’ म्हणता ते कशाच्या जोरावर?

तरी माझंच मन मला विचारतं की मी माझ्या धंद्याची बाजू सावरतोय का. अपघातानंतर कप्पा मोठा केला, भिंती गुळगुळीत केल्या, आणि माणसाविना कितीतरी सोयुझ उडवून पाहिल्यावरच ऑक्टोबर 1968 मध्ये पुढचा अंतराळवीर, बेरेगोवोय, वर गेला. तीच उड्डाणं आधी झाली असती तर? कप्प्याचा दोष दिसला असता, बहुतेक. मग दोषाचं नाव माहीत नसलं तरी दोष असणार हे माहीत होतं, असं कुणी म्हटलं तर मी त्याला खोडू शकत नाही. कोमारोव स्वतः इंजिनियर होता, हेही मी विसरू शकत नाही.

आपल्या गगनयानाच्या उतरण्याला दहा छत्र्या आहेत, आणि त्यांच्या चाचण्या वर्षानुवर्षं चालल्या आहेत. ‘2022 म्हणाले होते, अजून माणूस का नाही पाठवला?’ असं तुम्ही फोनवर चिडून विचारता, तेव्हा मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही.